दोन तोंडांची गुहा

हवाना, ८ फेब्रुवारी १९९३

प्रिय एव्हेलियोमामा,

आई गेल्यापासून तुला वर्षातून एकदा, नव्या वर्षाचं म्हणून पत्र टाकायचे. यंदा तेही राहिलं. तू रागावला असशील आणि तसं म्हणायचाही नाहीस, म्हणून आधीच कान धरते.

आज काम आहे म्हणून लिहितेय. युरीने त्याच्या आईचं शिवणयंत्र देऊन टाकलं आणि बदल्यात माशांची काचेची पेटी आणली, सोबत कैदी माशांची एक जोडी. अंगावर काळे-पांढरे पट्टे असतात ना, ते. सासूबाई असत्या तर त्यांनी यंत्राच्या पायडलने त्याचं डोकं फोडलं असतं. सायकलच्या कारखान्यातून आला की तो पेटीसमोर बसतो. नराला त्याने 'बॉक्सर' नाव ठेवलंय. मादीला नाव नाही.

बॉक्सर तिला जगू देत नाही, मामा. ती पाण्यात कुठेही असो, हा तिथे जाऊन धडकतो. शेपटीचा अर्धा पंखा खाल्लाय त्याने. पाठीवरचे खवले उडून खाली गुलाबी मांस दिसतं. दिवसभर ती वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून उभी असते. युरी चाळीतल्या पुरुषांना बोलावून दाखवतो, "बघा बघा, कशी फाडतो!" आणि सगळे हसतात.

तुझ्या घरी लहानपणी पाहिलेल्या पेट्या आठवतात. त्यात खापराच्या, कवडीच्या, कशाकशाच्या गुहा असायच्या आणि माशांची नुसती नाकं बाहेर दिसायची. मला तशी एक लपायची जागा करायला शिकव. इथे काही विकत मिळत नाही हे तुला सांगायला नको, तेव्हा घरात असेल त्यातूनच जमायला हवं.

माझं ठीक आहे. डाव्या डोळ्याखाली काळं-निळं झालंय, ते उतरतंय. कसं झालं ते विचारू नकोस. तुला कळलं असेलच.

तुझी,
इदाल्मीस

---

हिबारा, २७ फेब्रुवारी १९९३

लाडके इदाल्मीस,

कान सोड. तुझे कान आधीच तुझ्या आईवर गेलेत, आणखी लांब व्हायला नकोत.

गुहा करणं सोपं आहे. नारळ घे. शेंडी पूर्ण सोल, करवंटी काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत कर. एका अंगाला मासा जाईल एवढं भोक पाड. भोकाच्या कडा दगडावर घासायच्या, नाहीतर मासा आत-बाहेर करताना अंग चिरून घेतो. आतलं खोबरं पूर्ण काढ, राहिलं तर पाणी सडेल. मग करवंटी उकळ. पाणी तांबडं होईल, ते फेक, पुन्हा उकळ. पाणी नितळ निघेपर्यंत उकळत राहा. तुमच्याकडे रॉकेलचा दुष्काळ आहे हे माहीत आहे, चाळीत कुणी शेंगा शिजवत असेल तर त्याच्या चुलीवर टाक. मग पेटीत मागच्या कोपऱ्यात पालथी ठेव. बाईसाहेब दोन दिवसांत आत राहायला जातील.

मी अजूनही गुहा करतो. चाळीस वर्षं माणसांची घरं बांधली, आता माशांची बांधतो. मासे भांडी आपटत नाहीत आणि छत गळतं म्हणून दारात येऊन उभे राहत नाहीत. गावातली पोरंटोरं मला 'माशांचा गवंडी' म्हणतात.

डोळ्याचं वाचलं. पोरी, नवरा-बायकोत होतं असं. सध्याचे दिवस सगळ्यांचीच डोकी फिरवणारे आहेत, पोटात काही नाही, घरात दिवे नाहीत. तो तापला की समोर उभी राहू नकोस, उलट बोलू नकोस. कुठेतरी दडून बस आणि त्याला निवू दे. पुरुष तापतो तसा निवतोही.

मामा

---

हवाना, २४ मार्च १९९३

मामा,

तू सांगितलंस तसंच केलं. कूकाच्या, म्हणजे शेजारच्या बाईच्या चुलीवर करवंटी पाच वेळा उकळली. कडा घासल्या. मादी दुसऱ्याच दिवशी आत गेली. मला इतका आनंद झाला की कूकाला हात धरून दाखवायला आणलं.

तिसऱ्या दिवशी बॉक्सर भोकासमोर जाऊन उभा राहिला. फक्त उभा राहिला. आत डोकं घालायचा, चावायचा, मागे सरकायचा, पुन्हा डोकं घालायचा. मी चमच्याने त्याला हाकललं तर तो चमच्याला चावला आणि परत भोकाशी. पेटीच्या पाण्यात खवले तरंगत वर यायला लागले. संध्याकाळी करवंटी उचलली तेव्हा तिच्यातून मादी बाहेर पडली, तिला डोळे नव्हते. आधी डोळे खातात, मामा. हे तू नाही सांगितलंस.

तुझा दुसरा सल्लाही मी पाळला. रविवारी युरी तापला. कारण काय होतं ते आठवत नाही, कदाचित भात करपला असेल. मी उलट बोलले नाही. माळ्यावर चढले आणि शिडी वर ओढून घेतली. आमची खोली तुला आठवत नसेल. एकच दार, खिडकी नाही, वर लाकडी माळा आणि माळ्याला एक चौकोनी भोक. दडून बसले, तू म्हणालास तशी.

तो निवला नाही. त्याने भोकाखाली खुर्ची मांडली आणि बसला. दुपारी जेवला तिथेच. मध्येच उठायचा, फरशी पुसायच्या काठीने वर ढोसायचा, अंधारात जिथे लागेल तिथे. मी एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकत होते आणि माळा कुरकुरायचा, की त्याला कळायचं मी कुठे आहे. तो हसत होता. "कुठे जाशील? उतरायला भोक एकच आहे." तहानेने घसा चिकटला तेव्हा मीच शिडी सोडली. दोन बरगड्या मोडल्यात. दवाखान्यात सायकलवरून पडले म्हणून सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि तेच लिहून घेतलं.

नाक्यावरच्या चौकीतही गेले होते. तिथला माणूस म्हणाला, घरातलं घरात मिटवा.

युरीने नवी मादी आणलीय. पेटीत करवंटी अजून आहे. काय करू ते सांग, आणि या वेळी नीट सांग. पत्र कूकाच्या नावाने टाक, खोली नंबर सात. या खोलीतली पत्रं तो फोडतो.

इदाल्मीस

---

हिबारा, ११ एप्रिल १९९३

इदाल्मीस,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मासा दिसला, दुसऱ्यांदा तू दिसलीस, तिसऱ्यांदा मी दिसलो. त्यामुळे उत्तराला उशीर झाला.

आधी मासा. चूक माझी आहे. चिडक्या जातीच्या माशाला एका तोंडाची गुहा कधी द्यायची नाही, हे मला माहीत होतं आणि मी लिहिलं नाही. एका तोंडाची गुहा म्हणजे पिंजरा. मारणारा तोंडाशी उभा राहिला की आतलीला जायला वाट नाही. करवंटी आजच्या आज काढ. सिमेंटची गुहा कर. एक वाटी सिमेंट, तीन वाट्या वाळू. ओल्या वाळूचा लाडू करून त्यावर बोटभर जाडीचा थर दे आणि ओला असतानाच दोन भोकं पाड, समोरासमोर नको, एक पुढे आणि एक मागे बाजूला. भोक एवढंच की मादी अंग चोरून जाईल आणि नराचा खांदा अडेल. मादी लहान असते, तोच तिचा एक फायदा. वाळल्यावर आतली वाळू कोरून काढ. मग गुहा बादलीत बुडव, रोज पाणी बदल, मिळालं तर थोडं व्हिनेगर टाक. तीन आठवडे. बोट चोळल्यावर साबणासारखं बुळबुळीत लागतं तोवर चुना निघतोय असं समज. घाई केलीस तर तो चुनाच तिला जाळेल.

आता तू. माळ्याची मागची भिंत कूकाच्या माळ्याला लागून आहे ना? तुझ्या लग्नात मी ती भिंत ठोकून बघितली होती, सवयच आहे हाताला. आडव्या विटांची एकपदरी भिंत आहे, मसाल्यात सिमेंट कमी आणि वाळू जास्त. कूकाला विश्वासात घे. छिन्नीच्या डोक्यावर ओलं फडकं गुंडाळ, आवाज होत नाही. विटेवर घाव घालायचा नाही, सांध्यातला मसाला खरवडायचा. रोज दोन विटा. वीट काढली की तिच्या जागी तशीच परत बसव, मसाल्याशिवाय. सांध्यात भिजवलेला चुना आणि राख भर, वरून दिसणार नाही. दीड वीट रुंद, पाच उंच. तुझं कंबरडं जाईल, त्याचे खांदे जाणार नाहीत. लाथ मारली की सगळं कूकाच्या बाजूला पडलं पाहिजे. पलीकडे गादी टाकून ठेवायला सांग.

आणि आता तिसरं. हे लिहायला मी तीन दिवस घेतले.

एर्मिनियामामी हौदात पाय घसरून पडली असं तुम्हा सगळ्यांना सांगितलं होतं. तू सात वर्षांची होतीस. ती घसरली नाही. मी तिला मारायचो, इदाल्मीस. बारा वर्षं मारलं. दारू होती, नव्हती, दोन्ही वेळा. त्या दिवशी मी रस्त्याच्या दारात उभा होतो, हातात फळी होती. घराला तेव्हा ते एकच दार. ती परसात पळाली. परसाला चारही बाजूंनी उंच भिंती, मीच बांधलेल्या. ती हौदाच्या कठड्यावर चढली, भिंतीचा माथा धरायला. हात पोचला नाही. मी ढकललं नाही. मी दारातून हललोच नाही, कारण मला माहीत होतं की ती कुठे जाणार नाही. दोरी शोधून तिला वर काढेपर्यंत सगळं संपलं होतं.

तिला पुरल्यावर महिन्याभराने मी परसाच्या भिंतीला दार पाडलं. ते समुद्राकडच्या खडकांवर उघडतं, तिथे काही नाही. लोकांनी विचारलं तर वाऱ्यासाठी म्हणालो. त्यानंतर मी एका तोंडाचं काही बांधलेलं नाही. आणि तरी तुला लिहिताना माझ्या हातून एका तोंडाचीच गुहा लिहिली गेली, दडून बस म्हणून लिहिलं गेलं. मुरलेलं असतं ते असं बाहेर येतं.

मला माफ कर म्हणत नाही. भिंत फोड.

एव्हेलियो

---

हवाना, ५ मे १९९३

एव्हेलियो यांस,

तुमचं पत्र मिळालं.

एर्मिनियामामीने मला पहिला झालरीचा फ्रॉक शिवला होता. माप घेताना ती गुदगुल्या करायची. तिच्या मनगटावर पिवळे डाग होते. मी विचारलं तर म्हणाली, आंबा लागलाय. मी घरी येऊन आईला सांगितलं, मामीला आंबा लागतो. आई रडली. म्हणजे आईला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं, आणि तुम्ही मेजाच्या टोकाला बसून आम्हाला गोष्टी सांगायचात.

मी लहानपणापासून एकाच पुरुषाला भीत नव्हते, ते तुम्ही. तेही गेलं.

भिंतीच्या सहा विटा सुटल्यात. तुम्ही सांगितलं म्हणून नाही, मला जगायचं आहे म्हणून. सिमेंटची गुहा बादलीत आहे.

मला पुन्हा पत्र लिहू नका.

इदाल्मीस

---

हवाना, १२ जून १९९३

एव्हेलियो यांस,

तुमच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण या शहराबाहेर मला दुसरं माणूस नाही. हे पत्र कूकाच्या नवऱ्याच्या, बोनिफासिओच्या ओळखीचा ट्रकवाला घेऊन येतोय.

सोमवारी दुपारी युरी लवकर घरी आला. मी पेटीचं पाणी बदलत होते. गुहा पेटीत गेल्यापासून नवी मादी धडधाकट होती. बॉक्सर पुढच्या तोंडाशी गेला की ही मागून बाहेर, तो मागे आला की ही पुढून. दमून दमून त्याने नाद सोडला होता आणि काचेतल्या आपल्याच सावलीला धडका देत बसायचा. युरीला ते सहन होत नव्हतं. "तू त्याला बायल्या केलंस," म्हणाला. मी हसले. मामा, मी फक्त हसले.

त्याने पेटी उचलून आपटली. पाणी, काचा, मासे सगळं फरशीवर. मी शिडी चढेपर्यंत त्याने खाटेखालून उसाचा कोयता काढला. या वेळी शिडी वर ओढायला वेळ मिळाला नाही. मागच्या भिंतीवर टांगलेल्या चटईमागे गेले आणि दोन्ही पायांनी भिंतीला लाथ घातली. पहिल्या लाथेला काही झालं नाही. मला वाटलं चुना घट्ट बसला, संपलं. दुसऱ्या लाथेला अख्खी भिंत कूकाच्या गादीवर गेली.

कंबरेपर्यंत मी पलीकडे गेले आणि त्याने माझा पाय धरला. कोयता चालला. उजव्या टाचेची कातडी बुटासकट त्याच्या हातात राहिली. मी ओरडले नाही, कूका ओरडली. त्याने माझ्यामागे डोकं आणि एक हात भोकात घातला आणि खांद्याशी अडकला. तुम्ही म्हणाला होतात तसाच. शिव्या देत होता, कोयता हवेत फिरवत होता. कूकाने कोळशाची इस्त्री उचलली आणि त्याच्या बोटांवर घातली. एकदा नाही, कोयता पडेपर्यंत. मी त्याची बोटं मोडताना ऐकली आणि मला बरं वाटलं. हे पाप असेल तर असू दे.

तो वळसा घालून येईपर्यंत मला चाळीतल्या लोकांनी हातोहात वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या धोब्याच्या खोलीत पोचवलं होतं. युरीने कूकाचं दार फोडलं, खोली उलथीपालथी केली. कुणी तोंड उघडलं नाही. ज्या पुरुषांना तो मासे दाखवायचा त्यांनीही नाही.

पण चाळीला फाटक एकच आहे, मामा. आज पाच दिवस तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून आहे, हाताला फडकं, मांडीवर कोयता. येणाऱ्या-जाणाऱ्याची गाठोडीसुद्धा उघडून बघतो. चौकीतला माणूस एकदा येऊन त्याला बिडी देऊन गेला. मी धोब्याच्या कपड्यांच्या ढिगाखाली पडून हे लिहितेय. टाच चिघळलीय. वर माणूस राहतोय हे त्याला आज ना उद्या कळणारच, धोबी दोघांचं जेवण आणतो हे कुणी पोर बोलून जाईल.

कार्देनासला कूकाची बहीण आहे, पत्ता खाली लिहिलाय. फाटकाबाहेर पडता आलं तर मी तिथे जाईन. पडता आलं नाही तर निदान कुणाला तरी माहीत असावं, मी घसरून पडले नव्हते.

इदाल्मीस

---

हवाना, ९ जून १९९३

एव्हेलियो,

मला डाव्या हाताने लिहावं लागतंय, अक्षर लागेल तसं वाच. माझी उजव्या हाताची तीन बोटं गेली, त्याला तू जबाबदार आहेस.

माळ्यावर करवंटीत तुझी पत्रं सापडली. सगळी वाचली. विटा कशा काढायच्या, फडकं कसं गुंडाळायचं, वा रे गवंडी! माझ्या घराची भिंत फोडायला माझ्याच बायकोला शिकवतोस?

आणि शेवटचं पत्र तर काय सांगू! मला उपदेश करणारा हाच का तो? माझ्या बायकोला मी दोन-चार ठेवून दिल्या असतील, पण ती जिवंत आहे. तुझी कुठे आहे? तू आणि मी एकाच पेटीतले, म्हाताऱ्या. फरक इतकाच की मी मारतो ते कबूल करतो आणि तू माशांना घरं बांधत फिरतोस.

ती चाळीत नसेल तर तुझ्याकडेच येणार, दुसरं कोण आहे तिला? आली की मला कळव. नाही कळवलंस तर तुझं ते शेवटचं पत्र तुझ्या गावाच्या चौकात उभा राहून मोठ्याने वाचेन. मी चाळीचं फाटक सोडणार नाही तोवर.

युरी

---

तार
हिबारा, १६ जून १९९३

युरीस. ती माझ्याकडे आहे. मला ती नको. येऊन घेऊन जा. एव्हेलियो.

---

हिबारा, ८ जुलै १९९३

इदाल्मीस,

पत्र लिहू नको म्हणाली होतीस. हे एक वाच, पुढचं तुझ्यावर. मीही आता डाव्या हाताने लिहितो, तेव्हा एका ओळीला एक तास लागतो.

तुझं आणि त्याचं, दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. मी तार केली. ती त्याला पटेल अशीच लिहिली. 'मला ती नको' हे वाक्य मी विचार करून टाकलं, आमच्यासारख्याला तेच खरं वाटतं. बोनिफासिओने निरोप पाठवला की तार मिळाल्यावर तासाभरात युरी स्टेशनवर गेला आणि त्याच दुपारी तू फाटकातून चालत बाहेर पडलीस, लंगडत. मला एवढंच हवं होतं.

तो रविवारी सकाळी आला. होल्गिनपर्यंत रेल्वेने, पुढे ट्रकने. मी घराची खिडकी लावून घेतली होती, आत तुझ्या आईचा जुना झगा दोरीवर टाकला होता, दारातून दिसेल असा. मी दारात उभा राहिलो. आयुष्यात दुसऱ्यांदा त्या दारात वाट अडवून उभा राहिलो.

"बाजूला हो," म्हणाला.

"ती झोपलीय. थांब जरा," म्हणालो.

"हो बाजूला, बायकोमाऱ्या!" रस्त्यावरच्या लोकांनी ऐकलं. मी म्हटलं, "आहे. बायकोमाऱ्याच आहे. म्हणून तर तुला ओळखतो." मग मी आत वळून हाक मारली, "इदाल्मीस, उठ, तुझा नवरा आलाय." तो धावून आला.

पहिला वार उजव्या हातावर बसला, कोपराखाली. हाड दिसलं. दुसरा खांद्यावर. मी चौकट सोडली नाही, एका हाताने धरून राहिलो. तो डावखुरा नाही, त्याला जमत नव्हतं, नाहीतर हे पत्र नसतं. तो लाथा घालत होता, मी पडलो तर उंबऱ्यावरच आडवा पडलो. मी मनात मोजत होतो, किती वार झाले ते नाही, तू कुठपर्यंत पोचली असशील ते. मातान्सास. मग लिमोनार. मग कार्देनास. तू तीन दिवसांपूर्वीच पोचलेली होतीस हे डोक्यातून गेलं होतं.

धक्क्यावरचे कोळी धावत आले. त्यांनी त्याच्यावर वल्ही चालवली. मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही. तो आता होल्गिनला कोठडीत आहे आणि लवकर सुटणार नाही. या वेळी कुणी 'घरातलं घरात' म्हणालं नाही, कारण या वेळी मार पुरुषाने खाल्ला होता.

दवाखान्यात जबाब घ्यायला आलेल्या अधिकाऱ्याला मी एर्मिनियाचंही सांगितलं. फळी, दार, हौद, सगळं. त्याने पेन खिशात ठेवलं. म्हणाला, म्हातारबा, बावीस वर्षं झाली, औषधाने डोकं फिरलंय तुमचं, झोपा. तेव्हा तेही माझं माझ्याकडेच राहिलं. गावाला मात्र आता माहीत आहे. पोरं मला गवंडी म्हणत नाहीत, काहीच म्हणत नाहीत. ते ठीक आहे.

उजवा हात कोपरापासून कापला. ज्याने फळी धरली होती तोच. त्यात काही न्याय आहे असं मला वाटत नाही, तुलाही वाटू नये. हाताने हात फिटत नाही.

घर रिकामं आहे. दोन खोल्या आहेत, तू आलीस तर मी परसातल्या छपरात झोपेन. आली नाहीस तरी चालेल.

एव्हेलियो

---

कार्देनास, १ ऑगस्ट १९९३

मामा,

आठवडाभर हे पत्र लिहिते आणि फाडते. आज पाठवून टाकतेय.

मी तुला माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही. मामीचं मनगट डोळ्यांसमोर येतं आणि तुझा राग येतो, मग तुझा हात डोळ्यांसमोर येतो आणि मला रडू येतं, आणि रडू आलं याचाही राग येतो. तू असा दुभंगून का निघालास? वाईटच असतास तर सोपं गेलं असतं.

कूकाने एक गोष्ट सांगितली. युरी त्या दिवशी तिची खोली फोडून गेल्यावर ती आमच्या खोलीत गेली होती. बॉक्सर फरशीवर मेला होता, मरतानाही तोंड वासलेलं. मादी कुठेच नव्हती. मग तिला काचांमध्ये सिमेंटची गुहा दिसली, आडवी पडलेली, दोन्ही तोंडं वर. पोटात घोटभर पाणी उरलं होतं आणि त्यात ती होती, पोट हलत होतं. कूकाने तिला दुधाच्या डब्यात टाकलं. परवा बोनिफासिओ तो डबा आणि गुहा मला देऊन गेला. ती आता इथे कूकाच्या बहिणीच्या परातीत आहे आणि माझ्या बोटाला चावते.

टाच भरलीय, लंगडणं राहील. कोर्टात साक्षीला मला होल्गिनला यावंच लागणार आहे. हिबारा तिथून लांब नाही.

मी वीस तारखेला येतेय. छपरात झोपायची नाटकं करू नकोस, एका हाताने तुला पलंगसुद्धा हलवता येणार नाही. स्वयंपाक मी करेन, भांडी तू घासायचीस. आवाज चढवलास, एकदाही, तर त्याच पावली निघून जाईन. मामीबद्दल मी विचारेन ते सगळं तू मला सांगायचंस, बारा वर्षांचं, एकेक दिवस.

तुझ्या पुढच्या दारातून मी येणार नाही. खडकांवरून येईन. मागचं दार उघडं ठेव.

इदाल्मीस